टोवाली कॅराव्हॅन घेतोय, वजनाचं गणित कुणी समजावून सांगेल का? (सामान नक्की किती भरता येतं)

वाकडची_वाट

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसताच वाचतोय, आज पहिला धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरात कॅराव्हॅनचं खूळ शिरलंय. मोटारहोम नको, कारण ती वर्षातले ३०० दिवस सोसायटीत उभी राहणार आणि चेअरमन काका रोज फोन करणार. म्हणून गाडीमागे लावून न्यायची, तिकडे सोडायची आणि गाडी घेऊन फिरायचं असं डोक्यात आहे. पुण्याजवळच एक फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडे तयार असलेली एक बघितली. एक ॲक्सल, चार बेड अधिक एक घडीचा, छोटा ओटा, टॉयलेट, वर एसी. आम्ही पाच जण, मी, बायको, १२ आणि ८ ची दोन पोरं आणि आई.

तो म्हणतो रिकामी ८५० किलो, पासिंग (भरून जास्तीत जास्त मान्य वजन) १३०० चं, म्हणजे ४५० किलो सामान आरामात, आख्खं घर घेऊन चला म्हणतो. ५० हजार टोकन देऊन बसलोय. नंतर घरी येऊन व्हिडिओ बघायला लागलो तर डोकंच फिरलं, कुणी मायरो म्हणतंय, कुणी टेअर, कुणी एटीएम, कुणी ८५ टक्के, प्रत्येक देशाची वेगळी भाषा. माझी गाडी डिझेल एसयूव्ही आहे, कर्ब वेट (रिकामं वजन) १९६०, जीव्हीडब्ल्यू (भरून कमाल वजन) २६१०, आणि मॅन्युअलमधे ब्रेकवाला ट्रेलर १५०० आणि बिनब्रेकचा ७५० असं लिहिलंय (हे पण काल वाचलं, गाडी घेऊन चार वर्षं झाली).

तर प्रश्न एकच, ४५० किलो खरंच माझे आहेत का? बाकी रक्कम पुढच्या आठवड्यात द्यायची आहे.

निवृत्त_नारायणपेठी

४५० किलो सामान? फिरायला निघालाय की बिऱ्हाड हलवताय?

आणि टोकन देऊन झाल्यावर सल्ला विचारायची पद्धत आवडली. आमच्याकडे आधी विचारतात, मग देतात, पण वाकडला वेगळं असेल.

ग्रीसगन

काका 😀

@वाकडची_वाट, आधी ते परदेशी शब्द बाजूला ठेवा आणि घरातला गॅस सिलिंडर आठवा. त्यावर टेअर वजन लिहिलेलं असतं, समजा १५.३, आत गॅस १४.२, भरलेला काट्यावर २९.५ आला पाहिजे. गॅसवाल्याकडून वजन करून घेताना आपण एवढंच बघतो ना. कॅराव्हॅनचं पण इतकंच आहे. रिकामं वजन, भरून जास्तीत जास्त किती चालेल ते वजन, आणि मधला फरक म्हणजे तुमचं सामान. ब्रिटनमधे रिकाम्याला मायरो म्हणतात आणि वरच्या आकड्याला एमटीपीएलएम, आपल्याकडे आरसीवर अनलॅडन वेट आणि जीव्हीडब्ल्यू.

गडबड कुठे होते, तर "रिकामं" म्हणजे नक्की काय यात. सिलिंडरचं टेअर कोरलेलं असतं, त्यात कुणी नंतर एसी बसवत नाही. तुमच्या त्या ८५० मधे एसी आहे का? ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत) आहे का? बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर, स्टेपनी? बहुतेक वेळा ८५० हा पहिल्या नगाचा आकडा असतो, नुसती पत्र्याची पेटी आणि फर्निचर, आणि पुढे जे जे गिऱ्हाईक मागेल ते वाढत जातं पण आकडा तोच सांगितला जातो. मुद्दाम फसवतातच असं नाही, बरेचदा त्यांनी स्वतः परत काटा केलेलाच नसतो.

दुसरं. १३०० हा कागदावरचा आकडा, पण खाली ॲक्सल किती किलोचा आहे, टायर किती किलोचे आहेत, हिच (गाडीला जोडायचा सांधा) किती किलोचं आहे हे वेगवेगळं असतं आणि या सगळ्यातला जो सगळ्यात लहान आकडा तो खरा. टायरच्या साइडवॉलवर साइजच्या शेवटी दोन आकडी नंबर असतो तो लोड इंडेक्स. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९३ म्हणजे ६५०, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. एका टायरचा हा लोड, तो पण हवा पूर्ण भरलेली असताना. एक ॲक्सल असेल तर गुणिले दोन.

बाकी रक्कम द्यायच्या आधी प्लेटचा, टायरचा फोटो टाका इथे. आणि काटा करून पावती घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं ठाम रहा.

यारा_नदीकाठी

मी मूळची सदाशिव पेठेतली, आता १४ वर्षं मेलबर्नला, आमची टोवाली व्हॅन आहे, इथल्या अनुभवावरून लिहिते.

आमच्याकडे एटीएम म्हणजे बँकेचं नाही हं, ॲग्रिगेट ट्रेलर मास. व्हॅन सुटी करून पूर्ण भरून उभी केली की तिचं जास्तीत जास्त चालणारं वजन. जीटीएम म्हणजे गाडीला जोडलेली असताना फक्त तिच्या चाकांवर किती चालेल ते. दोन्हीतला फरक म्हणजे हिचवर गाडीच्या अंगावर पडणारं वजन, त्याला इथे टो बॉल डाउनलोड म्हणतात, ब्रिटिश लोक नोजवेट म्हणतात, म्हणजे नाकावरचं वजन. आम्ही इथे साधारण १० टक्के धरतो, युरोपात ५ ते ७, त्यांच्या व्हॅन हलक्या आणि ठेवणच वेगळी, त्यामुळे इकडचा टक्का तिकडे चिकटवू नका.

इथे टेअरमधे पाणी नसतं, गॅस नसतो. टाकी ८० लिटरची तर ८० किलो गेले, एक लिटर म्हणजे एक किलो, यात कुठलीच सूट नाही. आमची घेतली तेव्हा प्लेटवरून ४०० किलो शिल्लक दिसत होते, डीलरने नंतर बसवलेली दुसरी बॅटरी, टूलबॉक्स, ऑनिंग प्लेटवर आलेच नव्हते. काट्यावर नेली तेव्हा २९० निघाले. नवऱ्याने महिनाभर बार्बेक्यूसाठी भांडण केलं, शेवटी तो घरीच राहिला (बार्बेक्यू, नवरा नाही).

आणि एक, टोयोटाची हायलक्स पिकप इथे ३५०० ओढते म्हणून तिकडची पण ओढेल असं धरू नका. हातात असलेल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच. तुमच्यात आकडा दिलाय ते फार बरंय, ज्यांच्या मॅन्युअलमधे ट्रेलर लावू नका असं लिहिलंय त्यांनी इथेच थांबावं.

वाकडची_वाट

ग्रीसगन दादा, ताई, खूप आभार. पाणी मी धरलंच नव्हतं. आणि ८५ टक्क्याचं काय ते?

ग्रीसगन

तो ब्रिटिश लोकांचा नवशिक्यांसाठीचा सल्ला आहे, कायदा नाही. कॅराव्हॅनचं भरलेलं कमाल वजन गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्याच्या आत ठेवा म्हणतात. तुमचं १३०० भागिले १९६०, ६६ टक्के आलं, त्या बाजूने निवांत आहात. गाडी मोठी आणि शेपूट छोटं असलेलं बरं, उलट झालं की शेपूट गाडीला हलवतं.

बिनधास्त_बारामतीकर

एवढं काय लोड घेताय राव 😂 आमच्याकडे दीड टनाच्या पिकपमधे अडीच टन कांदा भरून मार्केट यार्डला येतात रोज. स्प्रिंगचे पाटे वाढवून घ्या, टायरमधे हवा जास्त मारा, काही होत नाही.

निवृत्त_नारायणपेठी

काही होत नाही ते कुठे, हे एकदा नवले पुलाजवळ राहणाऱ्यांना विचारा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून खाली येणारा उतार आणि जड गाड्या. पेपरात दर काही महिन्यांनी तोच फोटो.

ग्रीसगन

बारामतीकर, पाटे वाढवल्याने गाडी खाली बसत नाही एवढंच. ॲक्सलची नळी तीच, बेअरिंग तेच, ब्रेक तोच, टायर तोच. दिसायला उभी राहते म्हणून आपल्याला वाटतं झेपलं. आणि पिकपला चारी चाकांना ब्रेक ड्रायव्हरच्या पायाखाली आहे. या टोवाल्यांना बहुतेक ओव्हररन ब्रेक असतो, म्हणजे गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचा ब्रेक लागतो. लांब उतारावर तो सतत ढकलत राहतो, म्हणजे ब्रेक सतत घासत राहतो, तापतो. जेवढं वजन जास्त तेवढा जास्त तापतो. त्यामुळे खंडाळा असो की ताम्हिणी, वरूनच खालचा गियर टाकून उतरायचं, न्यूट्रलवाल्या शहाण्यांचं ऐकायचं नाही.

मीठभाकर

आम्ही आठ वर्षं कॅम्पिंग करतोय, कॅराव्हॅन मित्राची आहे, पण सामान मी भरते म्हणून लिहिते. पुरुष लोक बॅटरी, सोलर मोजतात आणि स्वयंपाकघराला "त्यात काय असतं" म्हणतात. मी एकदा चिडून बाथरूमच्या काट्यावर एकेक खोका ठेवून वजन केलं. पाच जणांचं चार दिवसांचं: कणीक, तांदूळ, डाळी, तेल, मसाले, कांदे बटाटे मिळून १८ किलो. कुकर, कढई, बिडाचा तवा, पातेली, ताटंवाट्या १६. लोणची मुरंब्याच्या काचेच्या बरण्या आणि फराळाचे डबे मिळून ५ किलो!! काच निम्मी असते त्यात. आता सगळं प्लास्टिकच्या डब्यात आणि स्टीलची एकच कढई. पांघरुणं पण मोजा, कापसाची गादी आणि दुलई जीवघेणी जड असते, सतरंजी आणि स्लीपिंग बॅग परवडतात.

पाण्याचं माझं मत, टाकी भरून निघू नका. २० लिटरचा जार पुरतो वाटेत, मुक्कामाला पोचलात की भरा. पुण्यातून ८० किलो पाणी कोकणात वाहून न्यायचं कशाला, तिकडे विहिरी आहेत.

अवांतर: दिवेआगरला ज्यांच्या वाडीत उभी करायची त्यांना आधी वाडीचं फाटक किती रुंद आहे ते विचारा. आम्ही नारळाच्या दोन झाडांमधे ४० मिनिटं होतो.

घाटात_गाठ

हा धागा मी घ्यायच्या आधी असता तर बरं झालं असतं, माझं सांगतो.

माझी छोटी होती, आता विकली. वजन पासिंगच्या आत होतं, काटा केला होता, म्हणून मी निर्धास्त. कोल्हापूरहून परत येत होतो, बायकोने गुळाच्या चार ढेपा घेतल्या, १० किलोची एक, आणि जागा मोकळी म्हणून मी त्या अगदी मागच्या कप्प्यात टाकल्या. शेजारी आजरा घनसाळचं एक पोतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडून खाली उतरताना मागून ट्रक गेला आणि त्या वाऱ्याने कॅराव्हॅन डावी उजवी डोलायला लागली, आधी थोडी, मग जास्त, मग आरशात कधी तिचं डावं अंग कधी उजवं अंग. मी घाबरून ब्रेक मारला आणि ते अजून वाढलं. कशी थांबली देव जाणे, डिव्हायडरपासून हातभर. बायको आजही गूळ बघितला की गप्प होते.

नंतर कळलं ते असं. एकूण वजन बरोबर असून उपयोग नाही, ते कुठे आहे ते पण बघावं लागतं. माझा हिचपासून ॲक्सल ३ मीटरवर होता, ढेपा ॲक्सलच्या मागे दीड मीटरवर. ४० किलो मागे ठेवले की नाकावरचं २० किलो उचललं जातं, सीसॉ असतो तो, आणि ॲक्सलवर ४० नाही ६० वाढतात. वर तांदूळ. नाक हलकं झालं की मागचं धूड मोकळं डोलतं, आणि वेग जितका जास्त तितकं जास्त.

डोलायला लागली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही. वेग पडला की आपोआप शांत होते. हे लिहायला सोपंय.

जड ते खाली आणि ॲक्सलच्या आसपास, थोडं पुढच्या बाजूला. मागे फक्त उशा.

यारा_नदीकाठी

बापरे. सांभाळलंत ते नशीब. +१०० शेवटच्या ओळीला.

वाकडची_वाट

मंडळी, वाचून रात्री झोप नाही लागली. शनिवारी फॅब्रिकेटरला म्हणलं काटा करू, तो म्हणला "साहेब विश्वास नाही का", मी म्हणलं विश्वास आहे, पण बायकोचा माझ्यावर नाही. मग आला बिचारा. भोसरीला एमआयडीसीत काट्यावर नेली. रिकामी, पाण्याशिवाय, गॅसशिवाय: १०८०.

आठशे पन्नास कुठे आणि एक हजार ऐंशी कुठे. तो पण चकित झाला (किंवा तसं दाखवलं). एसी, ऑनिंग, इन्व्हर्टर आणि त्याची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, प्लायवुड जाड वापरलंय ते, सगळं मिळून. म्हणजे ४५० नाही, २२० उरले.

मग मीठभाकर ताईंचं ऐकून घरी सगळं मोजलं, दोन दिवस बाथरूमचा काटा हॉलमधे होता:

पाणी ८० (टाकी मागच्या बाजूला आहे), गॅस घरचाच सिलिंडर ३०, कपडे पांघरुणं ५५, स्वयंपाकघर आणि किराणा ४५, खुर्च्या टेबल २२, स्टेपनी जॅक हत्यारं २८, पोरांच्या दोन सायकली मागच्या रॅकवर ३०. बेरीज २९०. ७० ने वर.

सगळं भरून परत काट्यावर नेली, जिद्दच होती आता. एकूण १३७०. नाकावर ३८ किलो, ते बाथरूमच्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून हिचच्या उंचीला मोजलं, व्हिडिओत बघून. टायरवर ९३ आहे.

ग्रीसगन

शाब्बास, पुण्यात एवढं मोजून कॅराव्हॅन घेणारे तुम्ही पहिलेच असाल.

आता बघा. १३७० मधून नाकाचे ३८ गेले, चाकांवर १३३२. टायर ९३ चे, ६५० दुणे १३००. म्हणजे पासिंग तर ओलांडलंच, टायर पण ओलांडले. आणि हे दोन्ही बाजूंना सारखं वजन आहे असं धरून, तुमचा ओटा एका बाजूला आहे, त्या बाजूचा टायर अजून जास्त घेतोय. उन्हाळ्यात एक्सप्रेसवेवर अशा टायरचं काय होतं ते सांगायला नको. त्याच टायरवर चार आकड्यांचा कोड बघा, १४२२ असेल तर २०२२ चा १४ वा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून म्हातारे होतात.

नाक ३८ म्हणजे पावणेतीन टक्के. हीच घाटात_गाठ यांची गोष्ट. पाणी मागे, सायकली मागे, बॅटरी कुठे आहे?

वाकडची_वाट

मागच्या बेडखाली 🙈

ग्रीसगन

मग सगळंच मागे. कागद घ्या. हिचच्या बॉलपासून ॲक्सल किती?

वाकडची_वाट

३.२ मीटर. टाकी ॲक्सलच्या मागे १.२ वर, सायकली २.३, बॅटरी १. गॅस पुढच्या पेटीत, ॲक्सलच्या पुढे २.४.

ग्रीसगन

वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर, भागिले ३.२. टाकीत फक्त २० लिटर ठेवलं तर ६० किलो गेले, नाकाला साधारण २२ परत मिळतात. सायकली काढल्या तर अजून २१. ट्युब्युलर काढून लिथियम १०० एएचची घाला, ५८ च्या जागी १२, ४६ वाचले आणि नाकाला १४. वापरता येणारी वीज जवळपास तेवढीच राहते, कारण लेड ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. फक्त चार्जर लिथियमचा आहे का बघा, नाहीतर तो खर्च वेगळा. घरचा सिलिंडर नको, ५ किलोवाला छोटा घ्या, १८ वाचतील, पण तो पुढे असल्यामुळे नाकाचे १३-१४ जातील.

बेरीज करा, ३८ अधिक २२ अधिक २१ अधिक १४ वजा १४, ८० च्या आसपास. कागदावर तरी बसतंय.

आरटीओ_वारी

थोडं कागदपत्रांचं लिहितो, कारण ते कुणी बोललं नाही.

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी, वेगळी आरसी, वेगळा नंबर. आपल्या गाडीच्या आरसीत बसत नाही. आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूच्या वर भरून चालवायचं नाही हे कलम ११३, वजन करायला काट्यावर न्यायला लावायचा अधिकार ११४, आणि दंड कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. कॅराव्हॅनला कोण थांबवतंय असं वाटेल, पण अपघात झाला की विम्यावाल्याला आरसीवरचा आकडा आणि तुमचा काटा दोन्ही वाचता येतात.

फॅब्रिकेटरला विचारा मान्यता कुणाची आहे. आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय (वाहनं तपासून मान्यता देणारी संस्था) आहे, ट्रेलरचे प्रकार ठरलेले आहेत, पाऊण टनापर्यंत टी-१, त्याच्या वर साडेतीन टनापर्यंत टी-२. तुमची टी-२ मधे येते. मान्यतेच्या कागदावर अनलॅडन वेट काय लिहिलंय ते बघा. तिथे ८५० असेल आणि काट्यावर १०८० येत असेल तर नुसता सामानाचा प्रश्न नाही, कागदावरची आणि दारातली कॅराव्हॅन एकच आहे का हा प्रश्न आहे. हे पैसे द्यायच्या आधी मिटवा.

निवृत्त_नारायणपेठी

हा माणूस कामाचं बोलला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

यारा_नदीकाठी

गाडीच्या बाजूचं पण बघा हं, सगळे व्हॅनचंच बोलताय. नाकावरचे ८० हे गाडीचं सामान धरायचं. २६१० वजा १९६०, ६५० किलो गाडीत शिल्लक. पाच जण सरासरी ६० धरा (पोरं लहान आहेत), ३००. हिच २५. नाक ८०. उरले २४५, डिकी आणि वरचा कॅरिअर. बसतंय.

पण ते ८० मागच्या बंपरच्याही मागे पडतात, त्यामुळे मागच्या चाकांवर ८० नाही जास्त येतात. समजा व्हीलबेस २.७५ आणि मागच्या चाकापासून बॉल १.१ मीटर, तर मागच्या ॲक्सलवर ११२ वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३२ उचलले जातात. म्हणून डिकी खच्चून भरू नका, आणि मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधे फुल लोडला दिलीय तेवढी भरा.

बिनधास्त_बारामतीकर

च्यायला हे तर इंजिनिअरिंगच झालं. पण ते ११२ वालं पटलं, आमच्या ट्रॉलीला पुढे ऊस जास्त झाला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं ते हेच की.

ग्रीसगन

हेच ते. बघा, माहिती होतं तुम्हाला सगळं.

मीठभाकर

सायकली काढल्या तर पोरं ऐकतील का?

वाकडची_वाट

नाही ऐकली. तिकडे भाड्याने घेऊन देईन म्हणून मिटवलं, लेखी घेतलंय माझ्याकडून.

उशीर झाला लिहायला, दोन आठवडे गेले, अपडेट देतो. मान्यतेच्या कागदावर खरंच कमी वजन होतं. एसी आणि ऑनिंग त्या कागदात नव्हतेच. चार दिवस बोलाचाली झाली, शेवटी ठरलं की ऑनिंग काढून टाकायचं (आम्ही ताडपत्री बांधू, शेतात काय कमी बांधलीय), एसी ठेवायचा पण कागद दुरुस्त करून त्याच्यासकट वजन नोंदवून द्यायचं, बॅटरी लिथियम, चार्जरचे पैसे मी वेगळे दिले. टायर त्याने त्याच्या खर्चाने १०० चे दिले, त्याच रिमला बसणारे. पासिंग १३०० चंच राहणार हे त्याने स्वतः सांगितलं, टायर मोठे झाले म्हणून आकडा वाढत नाही. बाकी रक्कम नवीन आरसी हातात आल्यावर, हे लिहून घेतलं.

ऑनिंग अजून काढायचंय, त्याच्यासकटच भरून काट्यावर नेली. एकूण १२२०, कागदावर १२१६ येत होतं. नाक ८२, पावणेसात टक्के. ऑनिंग गेलं की अजून थोडी हलकी होईल, तेव्हा नाक परत मोजेन. आईने शेवटच्या क्षणाला खलबत्ता आणला, पितळी, साडेतीन किलो. तो गाडीत तिच्या पायाशी.

घाटात_गाठ

मस्त! पहिली ट्रिप जवळची करा. पवनेला जाऊन या, ओव्हरटेक शून्य, ६० च्या वर जाऊ नका, आणि अर्ध्या तासाने थांबून चाकाच्या हबला हात जवळ नेऊन बघा, एक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय.

सिंहगडरोडी

धागा वर आणतोय. मी पण बघतोय अशीच, भोसरीला नेमकं काट्यावर काय सांगायचं? ट्रकवाल्यांमधे ही घेऊन गेलो तर हाकलून देतील का?

वाकडची_वाट

नाही हाकलत, उलट सगळे आत डोकावून बघतात, एकाने टॉयलेट दाखवा म्हणलं. शे-दीडशे रुपये घेतात एका पावतीचे. तीन पावत्या घ्या. पहिली गाडी आणि कॅराव्हॅन दोन्ही प्लॅटफॉर्मवर. दुसरी कॅराव्हॅन जोडलेलीच, पण फक्त तिची चाकं प्लॅटफॉर्मवर, हा ॲक्सलवरचा लोड. तिसरी कॅराव्हॅन सोडून, पुढच्या छोट्या चाकावर उभी करून एकटी, हे एकूण. तिसऱ्यातून दुसरी वजा केली की नाकाचं येतं, पण मोठ्या काट्यावर आकडा १० किलोच्या पायरीने येतो म्हणून नाक घरीच बाथरूमच्या काट्यावर मोजा, १५० किलोपर्यंतचा असतो, पुरतो. खालची जमीन सपाट पाहिजे, आमच्या पार्किंगला उतार आहे तिथे पाच किलोचा फरक येत होता.

सकाळी सातच्या आत जा. नंतर ट्रकची लाइन लागते आणि सोडवून परत जोडायला जागा मिळत नाही.